केशवराव बंद, तर नाटक कुठं बघायचं? (सांगली, मुंबई, लंडन आणि खुर्चीचा प्रश्न)

करवीरकर_६१:
मंडळी, ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीनं आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाची सवय मोडली, नाटकाची नाही. आम्ही दोघं सत्तरीच्या आतबाहेर, एकाचा गुडघा कुरकुरतो. सांगली-इचलकरंजीला रात्रीचा प्रयोग बघून परतणं जमतं का? मुंबईत एका दिवसात जाऊन-येऊन नाटक होईल का? जूनमध्ये लंडनला मुलीकडं जाणार आहोत, तिथं शेक्सपिअरचं ग्लोब नाट्यगृह बघायचंच आहे. आणि नवख्या नाट्यगृहात खुर्ची कुठली घ्यावी?

तिसरी_घंटा:
खुर्चीपासून सुरू करतो, कारण पैसे तिथंच वाया जातात. पहिल्या दोन रांगांचा मोह टाळा. रंगमंच उंच असला की मान वर करून बसावं लागतं, मागच्या नटांचे पाय दिसत नाहीत आणि खालच्या माइकमधून संवादापेक्षा पावलांचा आवाज जास्त येतो. पाचवी ते नववी रांग, मधला भाग, हे बहुतेक ठिकाणी चालतं. बाल्कनीच्या छताखालच्या शेवटच्या चार-पाच रांगा स्वस्त असल्या तरी नको. वरचं छत आवाज दाबतं आणि गंभीर नाटकातली हळू वाक्यं हरवतात. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग बरी, फक्त कठड्याची दांडी नजरेला आडवी येत नाही ना ते बघा.

संगीत नाटकाचं गणित वेगळं. ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर एका बाजूला बसवले असतील तर त्यांच्या अगदी पुढची खुर्ची घेऊ नका, तबला गाण्यावर चढतो. गुडघ्यासाठी रांगेच्या टोकाची खुर्ची, पण मधल्या वाटेकडची. भिंतीकडच्या टोकाला बसलात तर जवळच्या विंगेलगतचा कोपरा दिसत नाही.

पंचगंगा_घाट:
सांगलीला (विष्णुदास भावे नाट्यमंदिर) किंवा इचलकरंजीला (घोरपडे नाट्यगृह) जाणार असाल तर शक्यतो दुपारचा प्रयोग धरा. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून अडीच तासांचं. रात्री साडेनऊचं सुटता सुटता बारा वाजतात, मग एसटीच्या भरवशावर राहू नका. सांगली साधारण पन्नास किलोमीटर, इचलकरंजी तीस. चौघं मिळून गाडी केली तर परवडतं.

आणखी एक. दौऱ्यावरचं नाटक सहसा एकाच भागातली दोन-तीन गावं लागोपाठ करतं. एक प्रयोग हुकला तर शेजारच्या गावाची जाहिरात बघा. प्रयोग उशिरा लागला तर चिडू नका, नेपथ्याचा टेम्पो आदल्या गावाहून आलेला असतो आणि उतरवून उभं करायलाच काही तास जातात. छोट्या रंगमंचावर नेपथ्य आखडूनही लावतात, त्यामुळं मुंबईत बघितलेलं नाटक इथं थोडं वेगळं दिसेल. प्रयोग रद्द झाला तर खिडकीवरच्या तिकिटाचे पैसे खिडकीवरच मागायचे. ऑनलाइन तिकिटाचे परत येतात, पण वरचं शुल्क बऱ्याचदा बुडतं.

रात्रपाळी:
मुंबई एका दिवसात होते, पण घड्याळ सांभाळून. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघा, सकाळी पोहोचा. परतीची महालक्ष्मी मुंबईहून रात्री साडेआठच्या आसपास सुटते (वेळ तपासून घ्या), दादर, ठाणे, कल्याणला थांबते. म्हणून दादरच्या शिवाजी मंदिरात दुपारी चारचा प्रयोग बसतो, रात्री आठचा बसत नाही. पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात चारचा बघून दादर गाठता येतं, मात्र रविवारी लोकलला मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघा. संगीत नाटक असेल तर तीन तासांच्या वर जाईल असं समजूनच तिकीट काढा.

जुहूच्या पृथ्वी थिएटरला जाणार असाल तर तिथं खुर्चीला नंबर नसतो, आधी येईल तो आधी. वेळेच्या अर्धा तास आधी रांगेत लागा. तिसऱ्या घंटेनंतर दार उघडत नाही, विनवण्या कामाला येत नाहीत. आपल्याकडची ‘पाच मिनिटं चालतात’ ही समजूत कोल्हापुरातच ठेवून जा.

तिसरी_घंटा:
ग्लोबबद्दल. रंगमंचासमोरच्या अंगणात उभं राहून बघायची तिकिटं सगळ्यात स्वस्त, पण प्रयोग चालू असताना खाली बसू देत नाहीत. अडीच-तीन तास उभं राहायचं म्हणजे तुमच्या गुडघ्याला ते झेपणार नाही. अंगणावर छप्पर नाही, पावसातही प्रयोग चालतो, छत्री उघडता येत नाही. म्हणून रेनकोट. तुम्ही खालच्या गॅलरीतली शेवटची रांग घ्या. बाकांना पाठ नसते, पण मागच्या रांगेला भिंतीला टेकता येतं. गादी भाड्यानं मिळते, ती घ्याच. तिकीट काढताना खांबाआडची जागा तर नाही ना ते बघा, रंगमंचावरचे दोन मोठे खांब बरंच झाकतात.

लंडनच्या वेस्ट एंड भागातल्या जुन्या नाट्यगृहांत सर्वात वरच्या मजल्याला खडा जिना असतो, लिफ्ट बऱ्याच ठिकाणी वरपर्यंत जात नाही. आणि इंग्रजी उच्चार कानात बसत नसतील तर कॅप्शनचे प्रयोग शोधा. ते ठरावीक तारखांना असतात, संवाद बाजूच्या पडद्यावर उमटतात.

आंबोली_वळण:
विषयाला फाटा फोडतोय, पण कार्तिकानंतर सिंधुदुर्गात दशावतार, म्हणजे जत्रेतलं लोकनाट्य, बघायला जा. तिकीट नाही, खुर्ची नाही. आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी गाठा. जत्रा तिथीवर असतात, तारीख पंचांगातून काढा. पालखी झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास आडदशावतार, म्हणजे आधीचा पूर्वरंग, सुरू होतो. गणपती येतो, संकासुर येतो, मग मुख्य आख्यान पहाटेपर्यंत. लिखित संहिता नसते, संवाद नट जागेवर रचतात, स्त्रीपार्टी पुरुषच करतात. सतरंजी, शाल, थर्मास न्या. मृदंगाजवळ बसू नका, झोप आली तर लाज वाटेल. आणि पहाटे लगेच घाट चढू नका, डोळे मिटतात.

करवीरकर_६१:
शेवटची रांग, खालची गॅलरी. लिहून ठेवलं. दशावताराला मात्र खुर्ची घरूनच नेणार.