तळ्यावर बदकांना ब्रेड-पोळी घालावी का? घरात वाद पेटलाय

सुदामानगरची सून:
माझे सासरे, वय 78, इंदुरात सारा जन्म गेला. रोज सकाळी आमच्या भागातल्या तळ्यावर फिरायला जातात. पिशवीत रात्रीच्या उरलेल्या पोळ्या, परमल (म्हणजे कुरमुरे), कधी ब्रेडचं पाकीट. ते दिसले की बदकं पोहत काठाशी येतात. परवा तिथल्या चौकीदाराने हटकलं, "बाबूजी, मत डालो, पानी सड़ता है." सासरे तणतणत घरी आले. म्हणाले, नाल्याचं पाणी तळ्यात जातं तेव्हा कोणी शिट्टी वाजवत नाही आणि माझ्या पोळीने तळं सडतं होय? मुक्या जिवाच्या तोंडी घास घालायची पण चोरी झाली! मला काही उत्तर देता आलं नाही. खरंच फरक पडतो का?

बाटलीवाले काका:
ताई, पाणी तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून बोलतो. नाल्याबद्दल सासरेबुवांचं शंभर टक्के बरोबर आहे. सांडपाण्यापुढे ब्रेड किरकोळच. पण किरकोळ म्हणजे किती, ते पाहा.

400 ग्रॅमचं ब्रेडचं पाकीट पाण्यात पूर्ण कुजायला साधारण 300 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. 25 अंशांच्या आसपास लिटरभर पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. करा भागाकार: साडेसदतीस हजार लिटर. 5 हजार लिटरचे सात-आठ टँकर! उन्हाळ्यात एका टँकरसाठी आपण किती फोन करतो ते आठवा.

आम्ही हे बाटलीत बघायचो. नमुना भरताना आत एक बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड सोडायचं, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. ऑक्सिजन असला तर तपकिरी साका बसतो. काठाच्या सडक्या कोपऱ्यातल्या पाण्यात तो पांढराफटक बसायचा. पांढरा साका दिसला की पुढे मोजायचं काही उरत नाही, तिथे मासा जगणार नाही.

दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. तळ्यातलंच शेवाळ, किडे खाऊन बदक तळ्यातच शिटतं तेव्हा माल घरातल्या घरात फिरतो. ब्रेड बाहेरून येतो. त्यातला फॉस्फरस शिटेतून पाण्यात उतरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो, कारण नायट्रोजनसारखा तो हवेत उडून जात नाही. हिरवी साय धरते ती त्याच्यावर. अमेरिकेत मिशिगनच्या विंटरग्रीन तलावावर 1994 साली हिशोब मांडला गेला, तेव्हा बाहेरून येणाऱ्या फॉस्फरसपैकी सुमारे 70 टक्के पाणपक्ष्यांनी आणलेला निघाला. पक्षी बाहेर चरायचे आणि तलावात उतरून शिटायचे. आपण तर बाहेरचं खाणं थेट काठावर आणून देतो.

खंड्या:
काकांना जोड देतो. हिवाळ्यात आपल्याकडे येणारी थापटे, तलवार बदकं तुमच्या ब्रेडकडे सहसा ढुंकूनही बघत नाहीत. थापट्या रुंद चोचीने पाणी गाळून बारीक जीव टिपतो. काठाशी पळत येतात ती बहुतेक पाळीव, सोडून दिलेली बदकं, आणि खाली तिलापिया मासे. उरलेल्यावर उंदीर, कुत्री. म्हणजे पुण्य पाहुण्यांच्या नावाने आणि जेवण भलत्याचंच!

कोमट पाणी, तळाला ऑक्सिजन नाही, वर कुजकं, असं जमलं की जिवाणू बॉट्युलिझम या रोगाचं विष तयार करतात. पक्ष्याची मान लुळी पडते. 2019च्या नोव्हेंबरात राजस्थानात सांभर तलावावर याच रोगाने 18 हजारांहून जास्त पक्षी मेले. तिथे कारण ब्रेड नव्हता, हेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर काहीतरी भलतंच फिरेल. आपले सिरपूर आणि यशवंतसागर तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत, तिथे तरी पिशवी नेऊ नये.

रामबागेचा राजा:
काका, टँकरचं गणित भारी, पण हवेतून ऑक्सिजन सतत मिसळतोच की. तळं म्हणजे काही बूच लावलेली बाटली नव्हे.

बाटलीवाले काका:
मिसळतो ना! वारा असला, पाणी खोल असलं तर निभावतं. पण आपण घालतो कुठे? घाटाच्या पायरीशी, गुडघाभर पाण्यात, तेही रोज त्याच जागी. रात्री शेवाळही ऑक्सिजनच ओढतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो, आणि फिरायला जाणारे पोचतात नेमके त्याच वेळी.

नाल्यासाठी अर्ज करा, मीही सही देतो. पण नाला बंद होईपर्यंत पोळी टाकत राहायची, हे काही मला पटत नाही. दाणे घालायची हौस असेल तर गच्चीवर मूठभर ज्वारी-बाजरी आणि परळात रोज बदललेलं पाणी. चिमण्या येतील.

सुदामानगरची सून:
सगळं वाचून दाखवलं. सासरे लेखा विभागातून निवृत्त, कागद घेऊन भागाकार पडताळून बघितला. बरोबर आला म्हणाले. पण "मी ब्रेड क्वचित नेतो, पोळीचं काय ते वेगळं सांगा" असा निरोप आहे.

बाटलीवाले काका:
40 ग्रॅमची पोळी धरली तर 30 ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे पाऊण टँकर. कोरडी असेल तर. तुपाच्या एका ग्रॅमला जवळपास 3 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, तेव्हा तूप किती लावता ते आधी कळवा.