रोटोरुआला गाईड घ्यायचा का? घरच्या ग्रुपवरची चर्चा

काका: आम्ही दोघं आणि आत्या नोव्हेंबरात ऑकलंडला उतरतोय. न्यूझीलंडमधल्या त्या गरम झऱ्यांच्या गावासाठी, रोटोरुआसाठी, एकच दिवस हाताशी आहे. दादा म्हणतो भाड्याची गाडी घ्या, ताई म्हणते फक्त आपल्यापुरता गाईड घ्या. काय ते दोघांनी इथेच लिहा, म्हणजे फोनवर तेच तेच बोलायला नको.

दादा: माझं म्हणणं सरळ आहे. ऑकलंडहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, तीन तासांचा रस्ता, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. तिकिटं दारात मिळतात, पायवाटा आखलेल्या आहेत, जागोजागी फलक आहेत. वाफ आणि चिखल बघायला सोबत माणूस कशाला?

आत्या: मला दम्याचा त्रास आहे हे दोघांनी लक्षात ठेवा. तिथे म्हणे गावभर सडक्या अंड्यांचा वास असतो.

ताई: आत्या, तुझ्या दम्याचं शेवटी लिहिते, विसरणार नाही. आधी दादाला उत्तर.

मी रोटोरुआ दोनदा पाहिलं. पहिल्यांदा एका बसच्या सहलीतून. प्रत्येक ठिकाणी ठरलेली मिनिटं, हॉर्न वाजला की पळत यायचं. रंगीत पाणी पाहिलं, फोटो काढले, आणि महिन्याभरात कुठला फोटो कुठला तेच आठवेना. या मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा दिवसभरासाठी गाईड घेतली. त्या दिवसातलं सगळं मला आजही क्रमाने सांगता येतं, कारण तिने आम्हाला तीन ठिकाणं दाखवली नाहीत, एकच गोष्ट तीन ठिकाणी नेऊन सांगितली.

काका: कुठली गोष्ट? सविस्तर लिही. मी निवांत आहे.

ताई: गोष्ट १० जून १८८६ च्या पहाटेची.

त्याआधी रोटोमाहाना तळ्याच्या काठी गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या होत्या. गरम पाण्यातली सिलिका थरावर थर बसून तयार झालेल्या, पायरीपायरीने तळ्यात उतरणाऱ्या. जगभरातून लोक त्या बघायला यायचे, आणि त्यांना नेणाऱ्या गाईड होत्या 'ते वाइरोआ' नावाच्या गावातल्या, तूहोउरांगी या माओरी कुळातल्या बायका. त्यांतली सगळ्यात नावाजलेली सोफिया हिनेरांगी. ३१ मेला ती पाहुण्यांना घेऊन निघाली असताना तारावेरा तळ्यावर माओरींची युद्धाची एक होडी दिसली, आणि तसली होडी त्या तळ्यावर कुणाकडेच नव्हती. नंतर दहा दिवसांत तारावेरा हा ज्वालामुखी डोंगर फुटला. फुटला म्हणजे एका शिखरातून नव्हे. जवळजवळ १७ किलोमीटर लांबीची भेग उलत गेली, ती डोंगर चिरून रोटोमाहाना तळ्याखालून पुढे वाइमांगूपर्यंत आली. सुमारे १२० माणसं गेली. पायऱ्या नाहीशा झाल्या. ते वाइरोआ गाव चिखलाखाली गेलं. सोफियाच्या घराचं छप्पर उतरतं आणि मजबूत होतं, तिथे साठावर माणसं त्या रात्री वाचली.

हे तुम्ही कुठेही वाचू शकता, दादाचं ते बरोबर आहे. पण आमच्या गाईडने ते सांगितलं वाइमांगूच्या दरीत उभं राहून. म्हणाली, "तुम्ही बघताय त्यातलं काहीही ९ जूनला नव्हतं." समोर वाफाळणारं तळं, कड्यांतून धूर, गंधकाने पिवळे पडलेले दगड. हे सगळं उष्ण पाण्याचं खोरं त्या एका पहाटेनंतर जन्माला आलं. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत.

वहिनी: हे वाचून अंगावर काटा आला. मुलांनाही दाखवते.

दादा: बरं. पण वाइमांगूत चालायला किती आहे? काकांचा गुडघा विसरू नकोस.

ताई: तो विसरले नाही म्हणूनच हे ठिकाण सांगतेय. वाट वरून खाली उतरत जाते, पार रोटोमाहानाच्या काठापर्यंत, साधारण चार किलोमीटर. मध्ये थांबे आहेत, तिथून त्यांची बस वर आणून सोडते. म्हणजे चढायचं नाही, आणि थकलात तर मधूनच बसमध्ये बसायचं. बाबांनी अर्धी वाट केली, मी आणि आई तळ्यापर्यंत गेलो. गाईड बाबांबरोबर थांबली. बसच्या सहलीत हे कसं जमणार?

वाटेत इन्फर्नो क्रेटर नावाचं फिकट निळं तळं आहे. त्याचं पाणी साधारण ३८ दिवसांच्या चक्रात चढतं, काठावरून वाहतं आणि मग कित्येक मीटर खाली उतरतं. आम्ही गेलो तेव्हा ते उतरलेलं होतं. काठावर पाण्याच्या जुन्या रेषा होत्या, गाईडने त्या दाखवल्या म्हणून दिसल्या. एकटे असतो तर तळं अर्धं रिकामं आहे म्हणून हिरमुसले असतो.

आणि इथेच १९०० ते १९०४ या काळात वाइमांगू गिझर होता, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा. काळं पाणी आणि दगड ४०० मीटरच्या वर उडायचे. वाइमांगूचा अर्थच काळं पाणी. १९०३ मध्ये फार जवळ गेलेल्या चार जणांचा जीव त्यात गेला. आता तिथे गवत आहे.

काका: गिझर बंद कसा पडतो? खालची उष्णता तर संपत नाही.

ताई: काका, मला जेवढं समजलं तेवढं सांगते. गिझरला तीन गोष्टी लागतात: उष्णता, पाणी, आणि अरुंद गळा असलेली नळी. खोलवर दाब जास्त, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. वरचं थोडं पाणी सांडलं की दाब उतरतो आणि खालचं सगळं एकदम वाफ होऊन उसळतं. पाण्याची पातळी उतरली किंवा नळी मोडली, की खेळ संपला. तारावेरा फुटून तळ्यांची पातळी बदलली होती, आणि वाइमांगू गिझर थांबण्याचा संबंध तिथल्या पाण्याची पातळी उतरण्याशीच लावतात.

माणसांनीही हे केलंय. रोटोरुआत घराघरांनी गरम पाण्यासाठी विहिरी खोदल्या आणि तिथल्याच फाकारेवारेवा भागातले गिझर मंदावायला लागले. शेवटी १९८६ मध्ये सरकारने पोहुतू गिझरपासून दीड किलोमीटरच्या आतल्या विहिरी बंद करण्याचा हुकूम काढला. लोक चिडले, पण झरे सावरले. तिकडे तौपोजवळ वाइराकेईला १९५८ मध्ये भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झालं आणि तिथली गिझरची दरी मेली ती मेलीच. आपण वीज किती स्वच्छ एवढंच ऐकतो, हा भाग कुणी सांगत नाही. मला ते लागलं, म्हणून लिहिलं.

काका: छान. आणि वाइओटापूची ती रंगीत तळी? काकूला तीच बघायचीत.

ताई: काकू, शॅम्पेन पूल. ६५ मीटर रुंद, साधारण ६० मीटर खोल, पृष्ठभागावर ७४ अंश. काठाला भगवा रंग आहे तो अँटिमनी आणि आर्सेनिकच्या गंधकी संयुगांचा. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे.

इथे गाईडने एक फार चांगली गोष्ट केली. रोज सकाळी सव्वादहाला लेडी नॉक्स गिझर उडतो, आणि झाडून सगळी गर्दी तिकडे जाते. तो वेळेवर उडतो कारण त्यात साबणासारखा पदार्थ टाकतात, त्याने पाण्याचा पृष्ठताण मोडतो. तिने विचारलं, "उसळणारं पाणी बघायचंय की तळं?" आम्ही तळं म्हणालो. सव्वादहाला वाट मोकळी होती. शॅम्पेन पूलपाशी आम्ही चौघंच, आणि बुडबुड्यांचा बारीक सुस्कार ऐकू येत होता. पहिल्या खेपेला मला तो ऐकूच आला नव्हता. गिझर तर संध्याकाळी पोहुतूचा पाहिला, कुणी काही न टाकता उडालेला. चांगला उडाला तर तो ३० मीटरपर्यंत जातो.

दादा: ही सव्वादहाची युक्ती आता ग्रुपवर आली, म्हणजे ती गाईडशिवायही करता येईल.

ताई: करता येईल, आणि गाडीच घेतलीत तर नक्की करा. पण संध्याकाळचं फाकारेवारेवा गाईडशिवाय करू नका. ते हलतंबोलतं गाव आहे. लोक तिथे राहतात, जमिनीतून येणाऱ्या वाफेच्या पेट्यांत स्वयंपाक करतात, गरम कुंडांत आंघोळ करतात. तारावेरानंतर ते वाइरोआचे वाचलेले लोक इथल्या न्गाती वाहिआओ लोकांच्या आसऱ्याला आले. सोफियासुद्धा आली आणि पुन्हा गाईड झाली, इथेच. आमची गाईड तूहोउरांगी. शेवटी ती एका अंगणापाशी थांबली आणि म्हणाली, दरीत सांगितलेल्या गोष्टीतली माणसं इथे येऊन राहिली, मी त्यांची. तेव्हा मला सकाळपासूनचा दिवस उलटा दिसायला लागला. आईने तिचा हात हातात घेतला, भाषा येत नसताना.

आत्या: माझं राहिलं.

ताई: लिहितेय, आत्या. वास हायड्रोजन सल्फाइडचा. उघड्यावर तो त्रासदायक असला तरी बहुतेकांना सोसतो, पण दम्याचा प्रश्न वेगळा आहे. निघण्याआधी तुझ्या डॉक्टरांना हे नाव सांगूनच विचार, इनहेलर पर्समध्ये नाही, हातात ठेव. वाऱ्याच्या दिशेने वाफ अंगावर येते तिथे थांबायचं नाही. गाईडला आधी कळवलंस तर ती वाऱ्याच्या वरच्या बाजूने नेते, आम्हाला तसंच नेलं. आणि काकू, जोडवी आणि चांदीचे दागिने मुक्कामी काढून ठेवा, या वायूने चांदी काळी पडते.

गरम कुंडात बसलात तर डोकं पाण्याखाली नेऊ नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. त्यातला अमीबा दुर्मिळ असला तरी जीवघेणा आहे, तशा पाट्याच लावलेल्या असतात. वाटेचा कठडा ओलांडायचा नाही, फोटोसाठीसुद्धा. वरची जमीन पापुद्र्यासारखी असते, खाली उकळतं पाणी.

वहिनी: एक विचारू? काही वर्षांपूर्वी तिथेच बेटावर पर्यटक गेले होते ना? काकांना पाठवताना तेच मनात येतंय.

ताई: वहिनी, ते फाकारी, व्हाइट आयलंड. ९ डिसेंबर २०१९. बेटावर ४७ जण होते, २२ गेले. ते जागृत ज्वालामुखीचं विवर होतं, समुद्रात. त्यानंतर तिथे उतरणं बंद आहे. वाइमांगू-वाइओटापू वेगळी ठिकाणं आहेत, पण धोका शून्य असं मी म्हणणार नाही. २००१ मध्ये खुद्द गावातल्या कुइराउ बागेत जमीन फुटून चिखल उडाला होता. जिओनेट ही तिथली सरकारी देखरेख, प्रत्येक ज्वालामुखीला ० ते ५ अशी पातळी देते. आदल्या दिवशी बघायची आणि गाईडलाही विचारायचं. जो गाईड या प्रश्नावर नुसता हसून सोडतो, त्याच्याबरोबर जाऊ नका.

दादा: मग ठरवताना विचारायचं काय काय?

ताई: पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या चालकाकडे तिथे परवान्यावर पी एंडोर्समेंट लागतं, ते आहे का. भाडं गाडीमागे की माणशी, आणि प्रवेशाची तिकिटं त्यात धरली आहेत का. तिघांसाठी गाडीमागचं भाडं बरंच सुसह्य होतं. पाऊस आला तर क्रम बदलाल का. मुख्य म्हणजे तीनच ठिकाणं सांगा. चौथं म्हणून कुणी हुका धबधबा जोडू बघेल, त्याला नको म्हणा. आणि ऑकलंडहून जाऊन-येऊन करू नका, सहा तास गाडीतच जातात. आदल्या रात्री रोटोरुआतच मुक्काम.

दादा: मुक्कामाचं मला पटलं. मग असं करूया, ऑकलंड ते रोटोरुआ गाडी आपली, आणि तो एक दिवस गाईड. संध्याकाळी कुइराउ बागेत पाय बुडवून बसायची कुंडं आहेत, फुकट. तिथे आपण आपले जाऊ.

ताई: हे सगळ्यात छान. आणि बुटांना माती राहू देऊ नका, उतरल्यावर देशात शिरतानाच्या अर्जात बूट आणि खाण्याचे डबे दोन्ही लिहा. खाण्याचं सांगायचं राहिलं तर विमानतळावरच ४०० डॉलर दंड.

काका: गाईडला निरोप लिहिलाय, बघा बरोबर आहे का: "तीन ज्येष्ठ, एका गुडघ्याचा त्रास, एकीला दमा. वाइओटापू सकाळी, मग वाइमांगू, संध्याकाळी फाकारेवारेवा. सव्वादहाला आम्हाला शॅम्पेन पूलपाशी उभं राहायचं आहे."

आत्या: त्यात हेही घाल, की सोफियाची गोष्ट आम्हाला दरीतच ऐकायची आहे, गाडीत नको.