तुर्कस्तानला खेटून असलेली बेटं ग्रीसची कशी?

मीनल: नकाशा बघताना खटकलं. लेस्व्होस, खिओस, सामोस ही ग्रीक बेटं तुर्की किनाऱ्याला अगदी लागून आहेत. कास्तेलोरिझो तर जेमतेम दोन किलोमीटरवर, आणि तिथून अथेन्स पाचशेहून जास्त! किनारा एकाचा, बेटं दुसऱ्याची, हे झालं कसं?

श्रीपाद: आरमारामुळे. १९१२ च्या बाल्कन युद्धात ग्रीसकडे ‘आव्हेरोफ’ ही चिलखती नौका होती. तुर्की आरमार दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत कोंडून त्यांनी लेम्नोस, लेस्व्होस, खिओस घेतली. ऱ्होड्स आणि आसपासची बेटं त्याच वर्षी इटलीकडे गेली. ती ग्रीसला मिळाली थेट १९४७ मध्ये, त्यांच्याबरोबर कास्तेलोरिझोही.

वसुधा: श्रीपाद, बेटांचं बरोबर आहे. पण मीनल, किनाऱ्यावरसुद्धा शतकानुशतकं ग्रीक राहत होते, ते कुठे गेले हे विचारायलाच हवं. १९१९ ला ग्रीक सैन्य स्मिर्नात, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये उतरलं आणि अंकाराच्या दिशेने पार साकार्या नदीपर्यंत गेलं. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रीकांची आघाडी कोसळली, सप्टेंबरात स्मिर्ना जळालं. बंदराच्या धक्क्यावर जीव मुठीत धरून माणसं जहाजांची वाट बघत उभी होती. हे वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं.

पुढे जानेवारी १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला दोन्ही देशांत करार होऊन लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरली. निकष एकच, धर्म. घरात तुर्की बोलणारे, तुर्कस्तानच्या मध्यभागातल्या कॅपाडोशियाचे ख्रिस्ती ग्रीसला पाठवले, तर ग्रीक बोलणारे क्रीट या ग्रीक बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानात. लेस्व्होससमोरचं आयवालिक हे ग्रीकांचं गाव रिकामं झालं आणि तिथे क्रीटहून आलेल्या मुसलमानांना वसवलं. पन्नासएक लाखांच्या ग्रीसमध्ये सुमारे बारा लाख निर्वासित आले. अथेन्सची नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया ही उपनगरं त्यांचीच. एईके हा अथेन्सचा फुटबॉल क्लबही इस्तंबूलहून आलेल्यांनी १९२४ मध्ये काढला. दोन्हीकडच्या कुणालाही ‘जायचंय का?’ असं विचारलं नाही. हा अन्याय होता, असंच माझं मत आहे.

मीनल: मग इस्तंबूलचे ग्रीक?

वसुधा: त्यांना आणि ग्रीसच्या ईशान्येकडच्या पश्चिम थ्रेसमधल्या मुसलमानांना करारातून वगळलं होतं. पण सप्टेंबर १९५५ च्या दंगलीत इस्तंबूलमधली ग्रीकांची दुकानं, घरं, चर्च फोडली गेली. १९६४ मध्ये सायप्रसच्या वादापायी ग्रीक नागरिकत्व असलेल्यांना देश सोडायला लावला. आता तिथे काही हजारच उरलेत. थ्रेसमधले मुसलमान मात्र आजही कोमोतिनी आणि क्सांथीच्या भागात मोठ्या संख्येने राहतात.