सगळ्या दुकानांत कॅमेऱ्याची किंमत तंतोतंत सारखी कशी काय?

लेन्सवेडी:
मंडळी, एक फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची) कॅमेरा बॉडी आणि २४-७० मिमी झूम लेन्स घ्यायचीये, बरेच दिवस साइटी पालथ्या घालतेय. जिथे बघावं तिथे शेवटच्या आकड्यापर्यंत सेम किंमत! बाकी वस्तूंमध्ये थोडंफार इकडेतिकडे असतंच की, मग कॅमेऱ्यातच असं का? एका ठिकाणी तर किंमतच नव्हती, 'कार्टमध्ये टाका, मग दिसेल' असं लिहिलेलं. फोन केला तर म्हणे कमी होणार नाही, कंपनीचं धोरण आहे. हे दुकानदार आपसात ठरवून करतात का? आणि घासाघीस करायचीच तर कशावर करायची?

काउंटरवाला:
कॅमेऱ्याच्या दुकानात बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो. आपसात नाही ताई, वरून येतं. दोन प्रकार असतात. एक मॅप, म्हणजे जाहिरातीत दाखवायची किमान किंमत, त्याच्या खालचा आकडा साइटवर किंवा जाहिरातीत छापायचा नाही, पण प्रत्यक्षात कितीला द्यायचं ते दुकानदाराच्या हातात. ते कार्टचं प्रकरण ह्याच्यातूनच निघालं. दुसरा प्रकार कडक, कंपनी एकतर्फी जाहीर करते की अमुक किमतीच्या खाली विकलंत तर माल बंद. तिथे काउंटरवरच्या माणसाची कितीही इच्छा असली तरी त्याला एक पैसा सोडता येत नाही, आणि लोक मात्र त्याच्यावरच चिडतात.
पण मला हे धोरण पटतं, कारण सांगतो. लोक येतात, तासभर लेन्स लावून बघतात, फोकस कसा धरते ते तपासतात, दहा प्रश्न विचारतात आणि तिथेच उभं राहून मोबाइलवरून दुसरीकडे ऑर्डर टाकतात. बॉडीवर मार्जिन आधीच नावाला, वरची कमाई बॅग, फिल्टर, बॅटरी, कार्ड ह्यांच्यावर. किंमत सगळीकडे सारखी असली तर निदान ज्याने समजावून सांगितलं त्याच्याकडून घ्यायला गिऱ्हाइकाला हरकत नसते.

मंदप्रकाश:
काउंटरवाले, तुमची बाजू समजते पण भुर्दंड गिऱ्हाइकालाच ना? ज्याला काहीही समजावून नकोय, मॉडेल ठरवूनच आलाय, त्यानेही तेवढेच मोजायचे. अमेरिकेत विक्रीची किमान किंमत बांधून घेणं १९११ पासून सरळ बेकायदा होतं, मग १९१९ च्या कोलगेट निकालाने पळवाट दिली की करार न करता कंपनी नुसतं धोरण जाहीर करून न पाळणाऱ्याला माल नाकारू शकते, आणि २००७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने जुनी सरसकट बंदीच काढली, आता प्रत्येक केस वेगळी तपासतात. युरोपात मात्र अजून कडक आहे. २०१८ मध्ये आसुस, फिलिप्स, पायोनियर आणि डेनॉन-मारांट्झ ह्यांना ऑनलाइन दुकानांच्या किमतीत ढवळाढवळ केली म्हणून मिळून ११ कोटी युरोंच्या वर दंड झाला. त्यात महत्त्वाचं हे की बऱ्याच मोठ्या साइटींचं सॉफ्टवेअर दुसऱ्याची किंमत बघून आपली आपोआप बदलतं, म्हणजे स्वस्त विकणाऱ्या एकदोघांना दाबलं की बाकीच्यांच्या किमतीही आपोआप चढ्याच राहतात.

लेन्सवेडी:
बाप रे, एवढं असेल असं वाटलं नव्हतं. मग मी थांबू का? आणि ते ग्रे मार्केटवाले बरेच कमीत देतायत, त्याचं काय?

काउंटरवाला:
थांबणं फायद्याचं. कंपनी ठरावीक तारखांना इन्स्टंट रिबेट, म्हणजे बिलातच मिळणारी सूट, लावते, तेव्हा सगळ्यांची किंमत एकदम उतरते आणि तारीख संपली की परत चढते. तो फरक दुकानदार खिशातून देत नाही, विकलेल्या पीसचे सिरीयल नंबर कळवून कंपनीकडून मागून घेतो, ते पैसे कधीकधी फार उशिरा येतात आणि छोट्या दुकानाचं भांडवल तिथेच अडकतं. नवीन मॉडेल आलं की जुन्याची किंमत कायमची पाडतात, तेव्हा पडून राहिलेल्या मालाची भरपाई कंपनीने दिली तर ठीक, नाहीतर दुकान मेलं.
ग्रे मार्केट म्हणजे दुसऱ्या देशासाठीचा माल. वस्तू अस्सल असते, पण तुमच्या देशातली वॉरंटी बहुतेक लागू होत नाही, काही कंपन्या तर पैसे देऊनही असा पीस दुरुस्तीला घेत नाहीत. २४-७० सारख्या लेन्सला मी तरी ही जोखीम घेऊ देणार नाही.

मंदप्रकाश:
ह्याला पूर्ण सहमत. आणि घासाघीस बॉडीवर नाही, सोबतच्या सामानावर करा. जादा बॅटरी, कार्ड, जुन्या बॉडीचा एक्स्चेंज भाव, ह्यात दुकानदाराचा हात मोकळा असतो. ओपन बॉक्स (खोका उघडलेला) किंवा डेमो पीस आहे का तेही विचारा, पण घेण्याआधी शटर काउंट (शटर आतापर्यंत किती वेळा उडालंय) आणि वॉरंटी कधीपासून धरणार हे बिलावर लिहून घ्या.