चॅटरूममधल्या ऑपला पगार द्यायला हवा होता का?

टेलनेटतात्या (धागाकर्ता)

परवा एका ओळखीच्या पोराशी वाद झाला. तो म्हणाला, आज कंपन्या मॉडरेशनसाठी माणसं पगारावर ठेवतात, तुम्ही तेच काम आयआरसीवर फुकट करत होतात, म्हणजे तुमचं शोषण झालं. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: आयआरसी म्हणजे इंटरनेट रिले चॅट. फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेननं ऑगस्ट १९८८ मध्ये सुरू केलं. चॅनल म्हणजे खोली. रिकाम्या चॅनलमध्ये जो पहिला शिरेल त्याच्या नावाआधी @ लागायचं, तो ऑप. ऑप कुणालाही किक करू शकतो म्हणजे चॅनलबाहेर हाकलू शकतो, बॅन घालू शकतो म्हणजे परत येऊच देत नाही, मर्जी झाली तर दुसऱ्यालाही @ देऊ शकतो. १९९३ च्या आरएफसी १४५९ या आयआरसीच्या नियमांच्या कागदात तर लिहूनच ठेवलंय की ऑप हा त्या चॅनलचा 'मालक' समजला जातो.

माझं म्हणणं एवढंच की ते @ हीच मजुरी होती, आणि ती पुरेशी होती.

१९९७ च्या शेवटी स्क्रिप्ट डॉट आयएनआय नावाची कीड आली होती, आठवते का कुणाला? डीसीसीनं (म्हणजे एकानं दुसऱ्याला थेट) पाठवलेली फाइल आपोआप घ्यायची सोय, ऑटो-गेट, चालू असली की ती फाइल थेट एमआयआरसी या आयआरसीच्या प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये जाऊन बसायची. पुढच्या वेळी प्रोग्राम सुरू केला की तीच चालू, आणि मग चॅनलमध्ये जो कोणी येईल त्याला तुमच्या नावानं तीच फाइल जाणार. बिचाऱ्याला पत्ताच नाही. मदत-चॅनलवर रात्रभर रांग असायची. प्रत्येकाला तेच सांगायचं: अनलोडची आज्ञा दे, तिच्यापुढचं मायनस आरएस विसरू नकोस, फाइल पुसून टाक, ऑटो-गेट बंद कर, आता बाहेर जाऊन परत ये, बघू अजून फाइल पाठवतोस का. कुणी तिकीट नंबर मागितला नाही की "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकवलं नाही. वाकड्यात शिरला तर किक. दोन मिनिटांनी शहाणा होऊन परत यायचा.

मोबदला आणला तिथे काय झालं तेही बघा. अमेरिकेत एओएल या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं हजारो स्वयंसेवक चॅटरूम सांभाळायला घेतले, बदल्यात फुकट खातं दिलं. मग पाळ्या आल्या, रिपोर्ट आले, आणि १९९९ मध्ये स्वयंसेवक मजुरी मागत न्यूयॉर्कच्या कोर्टात. अकरा वर्षांनी दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. हिशेब मांडला की गोडी जाते, ती अशी.

मोडका_मोडेम

तात्या, ऑप हवं असेल तर ऑल्ट आणि एफ-फोर एकदम दाबायचं, हे मला ज्यानं शिकवलं तो अजून सापडलेला नाही. सापडला तर पगार मीच देईन. (नव्यांनी दाबू नये. खिडकी बंद होते.)

सदाफुली

असहमत, आणि बरीच.

@ ही मजुरी होती म्हणता ना? मग ती वसूल कुणाकडून व्हायची तेही सांगा. मी आधी स्वतःच्या नावानं जायचे. मोडेमची सेटिंग विचारली की उत्तर चॅनलमध्ये यायचंच नाही, खासगी खिडकी उघडायची. दोन ओळी मोडेमच्या आणि तिसरी वय, लिंग, गाव. उत्तर नाही दिलं तर मोडेमचं उत्तरही बंद. एकदा एका ऑपची तक्रार करायची म्हणून वरच्या, सर्व्हर सांभाळणाऱ्या ऑपला गाठलं. तो म्हणाला, चॅनलच्या आतल्या भानगडीत आम्ही पडत नाही. तेव्हाच्या मोठ्या नेटवर्कवर ही सर्रास पद्धतच होती. मालक तोच, फौजदार तोच, आणि अपील कुठेच नाही.

मग मी 'डेल्टा९' असा निक, म्हणजे टोपणनाव, घेतला. त्याच प्रश्नांना त्याच माणसानं चॅनलमध्ये, सगळ्यांसमोर, अर्ध्या मिनिटात उत्तरं दिली. वर "गुड क्वेश्चन" म्हणाला.

पगारी माणूस सज्जन असतो असं मी म्हणत नाही. पण त्याच्यावर कुणीतरी असतं, आणि त्याला काढता येतं.

न्यूजर्सीकर

एओएलबद्दल धागाकर्त्यांनी गाडी उलटी जुंपली आहे. मी तेव्हा इथे विद्यार्थी होतो, एओएलच वापरायचो.

डिसेंबर १९९६ पर्यंत एओएल तासावर होतं. महिन्याला ९.९५ डॉलरमध्ये पाच तास, पुढच्या प्रत्येक तासाला २.९५. चॅटची सवय लागलेल्या माणसाचं बिल शंभरावर सहज जायचं. अशा वेळी फुकट खातं ही खरी कमाई होती, लोक आनंदानं पाळ्या करत. मग महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये अमर्याद योजना आली आणि त्याच फुकट खात्याची किंमत रातोरात वीस डॉलरवर आली. पाळ्या, प्रशिक्षण, रिपोर्ट मात्र होते तसेच. लोक बिथरले ते यावर. हिशेब मांडल्यानं गोडी गेली हे खरं नाही, कंपनीनं हिशेबातली एकच बाजू कापली.

आणि तिथलं काम "वाकड्यात शिरला तर किक" इतकं सोपंही नव्हतं. कंपनीचा माणूस असल्याचं भासवून "तुमच्या खात्यात गडबड आहे, पासवर्ड सांगा" म्हणणारे भामटे तिथे बोकाळले होते. फिशिंग हा प्रकार नावासकट तिथेच वाढला. शेवटी एओएलला मेसेजच्या खिडकीत सूचना घालावी लागली की आमचा कुणीही तुम्हाला पासवर्ड विचारणार नाही. अशा ठिकाणी मदतनीस खरा की खोटा हे नवख्याला कळणार कसं? त्यासाठी नेमणूक लागते, नोंद लागते. नुसत्या @ नं भागत नाही.

टेलनेटतात्या

सदाफुलीताई, तुम्ही सांगितलंत ते घडत होतं, नाही म्हणणार नाही. पण तो माणूस वाईट होता, पद्धत नव्हे. आयआरसीवर दुसरं चॅनल काढायला एक ओळ टाइप करावी लागते, पैसे नाहीत की परवानगी नाही. वाईट ऑपचं चॅनल ओस पडायचं.

न्यूजर्सीकर, जबाबदार कंपन्यांचं पुढे काय झालं तेही लिहा की. एमएसएननं ऑक्टोबर २००३ मध्ये कितीतरी देशांतल्या चॅटरूम सरळ बंद केल्या, कारण दिलं मुलांच्या सुरक्षेचं. याहूनं २००५ मध्ये लोकांनी काढलेल्या रूम बंद केल्या, तेही घाणेरड्या नावांच्या रूममुळे जाहिरातदार निघून गेले तेव्हा. नेमणूक-नोंद करणाऱ्यांनी खर्च बघितला आणि कुलूप लावलं. आयआरसी अजून चालू आहे.

भरडधान्य

तात्या, @ मजुरी असेल तर ती चोरीला फार जायची हो.

नेटस्प्लिट विसरलात? दोन सर्व्हरमधला दुवा तुटला की नेटवर्कचे दोन तुकडे. ज्या तुकड्यात तुमच्या चॅनलचं कुणीच नाही, तिथे एखादा टपून बसलेला शिरणार. रिकामं चॅनल, म्हणजे तो पहिला, म्हणजे त्याला @. दुवा जुळला की हा ऑप म्हणून तुमच्या घरात हजर, आणि पुढच्या सेकंदाला तुम्ही सगळे बाहेर. यावर उपाय काय करायचा यावरून सर्व्हरवाल्यांतच जुंपली. चॅनल कधी निघालं ती वेळ तपासून जुन्या ऑपांना मान द्यायचा, की तुटलेलं नाव थोडा वेळ कुणालाच घेऊ द्यायचं नाही? हे फुटीचं एक मोठं कारण, आणि १९९६ मध्ये ईएफनेट हे मोठं आयआरसी नेटवर्क फुटून युरोपवाल्यांचं आयआरसीनेट वेगळं झालं.

बाकीच्यांनी काय केलं? राखणीला बॉट बसवले. एगड्रॉप हा त्यातला गाजलेला, १९९३ च्या डिसेंबरमध्ये रॉबी पॉइंटरनं लिहिला, ईएफनेटवरच्या समलिंगी किशोरवयीन मुलांच्या एका चॅनलच्या संरक्षणासाठी. म्हणजे बघा, त्रास द्यायला येणाऱ्यांची ये-जा इतकी की माणसांच्या जागरणानं भागेना, चोवीस तास जागणारा प्रोग्राम लागला. "दुसरं चॅनल काढा" हा सल्ला त्या पोरांना द्याल का?

डालनेट या दुसऱ्या नेटवर्कनं सरळ चॅनसर्व्ह ही चॅनल-नोंदणीची सोय आणली. चॅनल नोंदवा, पासवर्ड ठेवा, कुणाला किती अधिकार ते यादीत लिहा. नोंद आली म्हणून गोडी गेली असं काही झालं नाही, उलट लोटच तिकडे गेला.

बाकावरचा

मदतीच्या त्या सुवर्णयुगाबद्दल माझेही दोन शब्द. नाशिकला सायबर कॅफेत तासाला ६० रुपये मोजून बसायचो. लिनक्सच्या चॅनलवर प्रश्न टाकला की उत्तर ठरलेलं: मॅन्युअल वाच. अरे, मीटर चालू आहे बाबा! दुसरं ठरलेलं वाक्य, "विचारू का असं विचारू नकोस, विचार." विचारलं तर परत मॅन्युअल.

आणि बॅन. तेव्हा आपल्याकडचे बहुतेक सगळे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीच्या इंटरनेटवरून यायचे. पुण्याच्या एका टवाळानं परदेशी चॅनलवर धुडगूस घातला, तर तिथल्या ऑपनं *!*@*.व्हीएसएनएल.नेट.इन असा बॅन ठोकला. एका ओळीत आख्खा भारत बाहेर! आम्ही कुणाला सांगणार? सांगायला आत तर जाता आलं पाहिजे.

टेलनेटतात्या

मॅन्युअल फ्लॉपीवर उतरवून घरी निवांत वाचायचं होतं. आम्ही तेच केलं.

बाकावरचा

घरी कॉम्प्युटर असता तर कॅफेत कशाला आलो असतो, तात्या?

सदाफुली

बाकावरचा, +१०००.

तात्या, "वाईट ऑपचं चॅनल ओस पडायचं" यावर एकच. ओस पडत नव्हतं. बायका निघून जायच्या, बाकीचे तिथेच असायचे. त्यामुळे ऑपला चॅनल भरलेलंच दिसायचं.

टेलनेटतात्या

फ्लॉपीचं राहू द्या. ताज्या उदाहरणावर बोला. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या मालकीवरून भांडण झालं, तेव्हा तिथले बहुतेक स्वयंसेवक एका दिवसात उठले आणि लिबेरा चॅट नावानं नवं नेटवर्क उभं केलं. मोठमोठे मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प त्यांच्या मागून गेले. लोक त्यांच्या शब्दावर गेले, कारण वर्षानुवर्षं फुकट केलेली मदत त्यांना माहीत होती. पगारी माणसांमागं असं कुणी जातं का?

भरडधान्य

अर्धीच गोष्ट सांगितलीत. ज्या चॅनलांनी वरच्या पाटीवर "आम्ही लिबेराला गेलो" असं लिहिलं, अशी शेकडो चॅनल फ्रीनोडच्या नव्या कारभाऱ्यांनी एका झटक्यात ताब्यात घेतली. वर्षानुवर्षं राबलेल्या ऑपांचं @ गेलं. तुमच्या भाषेत, साठलेली मजुरी जप्त. दाद कुठे मागायची?

टेलनेटतात्या

म्हणूनच तर उठून गेले ना! पगारावर असते तर असं ताठ मानेनं उठता आलं असतं?

न्यूजर्सीकर

राजीनामा म्हणतात त्याला, तात्या. पगारी माणसं देतात अधूनमधून.