बॅडमिंटनच्या ओपन डबल्समध्ये सर्विस फॉल्ट: धरायचा तर पहिल्या पॉइंटपासून धरा ना!

काटोलचा डावखुरा
कापसाचा पहिला वेचा झाला की आपल्याकडं गावोगावी नाईट ओपन डबल्स सुरू होतात. शाळेच्या मैदानात सिमेंटचा कोर्ट, दोन बाजूंना लाईट, नायलॉनचं शटल. अशाच एका सेमीफायनलला परवा तिसऱ्या गेममध्ये १९-१९ झालं. सर्विस करणारा गडी पहिल्या गेमपासून छातीजवळून बॅकहँडनं शटल ढकलत होता, कोणी चकार शब्द काढला नाही. १९-१९ला मात्र अंपायर ओरडला, "फॉल्ट, सर्विस उंच." पुढचा पॉइंटही गेला, मॅच गेली आणि नंतर अर्धा तास नुसता कल्ला.

सर्विस उंच होती की नाही यावर माझं भांडण नाही. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत नियम सरळ आहे: रॅकेट लागते त्या क्षणी अख्खं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली पाहिजे. त्याआधी कमरेचा नियम होता आणि कमर म्हणजे पँटचा पट्टा नव्हे, सगळ्यात खालच्या बरगडीची पातळी. पण तिथं हे बघायला वेगळा सर्विस जज असतो, खांबाजवळ बुटक्या खुर्चीवर. आपल्याकडं एकटा अंपायर, तोही टेबलावर खुर्ची मांडून बसलेला. इतक्या वरून बघणाऱ्याला उंची कळणार कशी?

म्हणून जिथं सर्विस जज नाही तिथं उंचीचा फॉल्ट देऊच नये. जे वरून स्वच्छ दिसतं ते मात्र पहिल्या पॉइंटपासून धरा. लाईनीवर पाय, सर्विस होण्याआधी उचललेला पाय, रॅकेट पुढं नेता नेता मध्येच थांबवून दिलेला झटका. बोला आता.

पीटी मास्तर, दारव्हा
बोलतो. उंची सोडली की पुढच्या हंगामात खांद्यावरून सर्विस सुरू होईल, लिहून ठेवा. शाळेची पोरं तालुका जिंकून जिल्ह्याला जातात, तिथं पहिल्याच मॅचला लागोपाठ फॉल्ट पडतात आणि त्यांचे हातपाय गळतात. कारण गावातल्या ओपनमध्ये दादा लोक जशी करतात तशीच सर्विस ती शिकलेली असतात. २००६ च्या आधी सर्विस चुकली तर फक्त सर्विस जायची. आता समोरच्याला पॉइंट फुकट.

आणि अंदाजाचं म्हणाल तर क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यू पण अंदाजानंच देतात. बंद केलं का कोणी?

काटोलचा डावखुरा
सर, एलबीडब्ल्यू देणारा स्टंपच्या रेषेत उभा असतो. त्याला स्क्वेअर लेगला उभं करा आणि मग द्या म्हणा.

कास्तकार बॅकहँड
तुमी दोघंबी सर्विसच्या उंचीवर भांडून रायले. पयले नेट त मोजा! मधात पाच फूट पाह्यजे. आमच्या गावात रात्री दहा वाजेपर्यंत दोर ढिला होऊन नेट पार झोपते. वरतून वारा. शार्ट सर्विस मारली का हवा तिले उचलून समोरच्याच्या रॅकेटवर नेऊन ठेवते. उंचून मारणाऱ्याले फायदा कायचा भाऊ? त्याचं आमाले काई वाटत नाई. रिसीव्हर मात्र सर्विस व्हायच्या आधीच दोन पावलं समोर येते, त्याले काऊन कोनी धरत नाई?

वरुडची रॅकेट
रिसीव्हरचं अगदी खरं. सर्विस होईपर्यंत त्याचेही दोन्ही पाय जमिनीला टेकून जागेवर हवेत, नियम दोघांना सारखाच आहे.

पण फायदा नाही हे पटलं नाही, दादा. १.१५ वरून शटल मारलं तर नेटच्या मधल्या उंचीपर्यंत त्याला सव्वा फुटाच्या आसपास चढावं लागतं, आणि चढलेलं शटल मारता येतं. छाती-खांद्यावरून मारलं की ते जवळजवळ सपाट जातं, घेणाऱ्याला उचलण्याशिवाय इलाज राहत नाही. हॉलमध्ये हा फरक ठसठशीत दिसतो.

माझी तक्रार उलटी आहे. मी १४ वर्षांखालच्या मुलींना शिकवते. १४० सेंटिमीटरच्या मुलीला १.१५ मीटर म्हणजे जवळपास खांदा! ती खांद्याखालून बिनधास्त ढकलते आणि ते नियमात बसतं. तिकडं डेन्मार्कचा ऑलिंपिक विजेता ॲक्सेलसन १.९४ मीटरचा, त्याला त्याच मापासाठी हात पार खाली न्यावा लागायचा. मोठ्यांना ठरलेली उंची ठीक आहे, पण लहानांच्या गटात गावपातळीवर बरगडीच धरा.

पीटी मास्तर, दारव्हा
ताई, एका स्पर्धेत दोन नियम लावले तर अंपायर वेडा होईल. शिवाय मुलगी विभागाला गेली की तिला १.१५ च लागणार.

वरुडची रॅकेट
सर, बरगडीखालून शिकलेली मुलगी १.१५ ला कधीच अडकणार नाही. खांद्यावरून शिकलेली उंच झाली की अडकेल.

जुना लाईनमन, यवतमाळ
मोठ्या स्पर्धांत सर्विस जजसमोर दोन पारदर्शक पाट्या असतात, एकामागं एक. दोन्हींवर १.१५ मीटरला आडवी रेघ. दोन रेघांची एक दिसली की नजर बरोबर उंचीला आली, मग सर्व्हर कोर्टात कुठंही उभा असो, रेघेच्या वर दिसलं शटल की फॉल्ट.

आम्ही गावात हेच सुतळीवर केलं. तेलाच्या चार पिप्यांत रेती भरली, त्यात तुऱ्हाट्या रोवल्या आणि एकीमागं एक हातभर अंतर सोडून दोन सुतळ्या ताणल्या, दोन्ही टेपनं मोजून १.१५ वर. एकच सुतळी बांधली तर उपयोग शून्य, डोकं जरा वरखाली झालं की माप बदलतं. बघणारा पोरगा उपड्या बादलीवर, खाली विटा घालून दोन सुतळ्यांची एक दिसेपर्यंत वर घेतलेला. पहिल्या रात्री बरेच फॉल्ट पडले, शिव्या पण पडल्या. दुसऱ्या रात्रीपासून खेळाडूंनी स्वतःच हात खाली घेतला.

कास्तकार बॅकहँड
आयडिया लय भारी बाप्पा, पन त्या बादलीवर बसनारा पोट्टा कोनाचा? आयोजकाचा पुतण्या असन त आपल्याले दोन सुतळ्याच्या चार दिसतीन.

जुना लाईनमन, यवतमाळ
हरलेल्या टीमचा बसवायचा. आधीच्या मॅचमध्ये जी जोडी हरली तिच्यातला एक. त्याला घरी जायची घाई असते हा एवढा एकच त्रास.

पीटी मास्तर, दारव्हा
सुतळी मान्य. आणि नुसती उंची नाही हो, पोरं आता मोबाईलवर बघून शटल बोटांनी फिरवून सर्विस करतात. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या रिंडशॉयनं ती काढली आणि काही आठवड्यांत जागतिक संघटनेनं बंदी घातली. १९८० च्या दशकात मलेशियाच्या सिदेक बंधूंनी पिसांवर मारून शटल वाकडंतिकडं पळवलं होतं, तेव्हाही तेच झालं. म्हणून तर रॅकेट आधी शटलच्या बुडालाच लागली पाहिजे. आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडनं २०२२ ला इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं, ती असल्या गमतींवर तिथं पोचली का?

काटोलचा डावखुरा
मालविका डावखुरी आहे, एवढं मी नोंदवून ठेवतो.

शटल फिरवणं वरूनही दिसतं सर, ते पहिल्या पॉइंटपासून धराच. सुतळी लावली तर उंचीही धरा. पण सुतळी नाही, सर्विस जज नाही आणि १९-१९ला अचानक नियम आठवला, हे चालणार नाही. संक्रांतीच्या स्पर्धेच्या पत्रकात टाका: "पाय, झटका, शटल फिरवणे व रिसीव्हरची हालचाल यांचे फॉल्ट पहिल्या पॉइंटपासून. उंचीचा फॉल्ट सर्विस जज असल्यासच."

पीटी मास्तर, दारव्हा
पहिलं वाक्य छापतो. दुसरं माझ्या शाळेच्या मैदानावर छापलं जाणार नाही. त्याऐवजी "सर्विस जज प्रत्येक मॅचला राहील" असं टाकतो.

कास्तकार बॅकहँड
आन नेट मोजाचं कोन लिहिन?