लेझरचं बटण तर दाबायचं, त्याला कसलं आलंय ट्रेनिंग?

झोळीवाला_डॉक्टर
शीर्षक माझं नाही. काल आपल्या व्हेट ग्रुपवर एका मित्राने टाकलं होतं: "लेझर थेरपीला दोन-दोन दिवसांचं हँड्स-ऑन ट्रेनिंग म्हणजे निव्वळ पैसे उकळणं. मशीनमध्ये सगळे प्रोटोकॉल भरलेले असतात. प्राणी निवडा, वजन निवडा, बटण दाबा." खाली अंगठ्यांची रांग. तिथेच लिहायला बसलो, लांबलं, म्हणून इथे टाकतोय.

लेझर थेरपी म्हणजे प्राण्याच्या दुखऱ्या भागावर किंवा जखमेवर लेझरचा किरण फिरवणं, आणि प्रोटोकॉल म्हणजे कोणत्या दुखण्याला किती डोस याची ठरलेली मापं. ती माझ्याही मशीनमध्ये होती. पहिल्याच महिन्यात एक काळी लॅब्राडोर आली, आठ वर्षांची, मागचे पाय ओढत चालणारी. हिप, क्रॉनिक, वजन, गडद रंग, सगळं नीट निवडलं. क्लास फोर, म्हणजे जास्त ताकदीचा लेझर, १० वॅट. मालक अमेरिकेतल्या मुलाचं काहीतरी सांगत होते, मी मान डोलावत होतो. हात एकाच जागी थांबला असेल तीन-चार सेकंद. आधी वास आला, केस जळाल्याचा. मग ती किंचाळली. कातडीवर रुपयाएवढा डाग उठला. पुढच्या खेपेला मशीन सुरू होतानाची पिप-पिप ऐकूनच ती टेबलाखाली जाऊन बसली. हात थांबलाय हे मशीनला कळत नाही हो.

आता हिशोब. १०० चौरस सेंटिमीटरचा भाग, दर चौरस सेंटिमीटरला ८ ज्यूल, म्हणजे ८०० ज्यूल. १० वॅटने ८० सेकंद. तेच अर्ध्या वॅटच्या, कमी ताकदीच्या क्लास थ्री-बी लेझरने १६०० सेकंद, म्हणजे जवळपास २७ मिनिटं. एकाच दुखण्याला एका मशीनवर हात सतत फिरता हवा, दुसऱ्यावर टेबलाशी अर्धा तास काढायची तयारी. बटण दोन्हीकडे सारखंच आहे!

आणि ज्या ट्रेनिंगला मी स्वतः पैसे भरून गेलो, तिथे चाळीस जण, मशीन एक, गॉगल तीन. माझ्या वाट्याला दीड मिनिट आणि एक फोटो. डेमोचा कुत्रा पांढरा, गुबगुबीत, झोपाळू. तेव्हा ट्रेनिंग नको म्हणणाऱ्यांवर माझा राग आहेच, पण ट्रेनिंगच्या नावाखाली हे जे चालतं त्यावर जास्त आहे.

घाटावरचा_एलडीओ
छान. आमच्या दवाखान्याचा फ्रीज दीड महिना बंद आहे, लसी शेजारच्या गावातल्या मेडिकलवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवतोय. मी एलडीओ, म्हणजे सरकारी पशुधन विकास अधिकारी, माझ्याकडे दोन दवाखान्यांचा चार्ज आहे. आणि तुम्ही ८०० ज्यूल मोजा. लेझर म्हणजे शहरातल्या लाडावलेल्या कुत्र्यांचे चोचले, त्याच्यावर इथे कशाला धागा?

झोळीवाला_डॉक्टर
साहेब, फ्रीजबद्दल सहानुभूती आहे. पण चोचले कसले? १३ वर्षांच्या कुत्र्याची किडनी गेलीय, वेदनाशामक गोळी देता येत नाही, सांधे तर दुखतायत. त्याला काय सांगू, घाटावर फ्रीज बंद आहे?

शंकासुर
मुळात चालतं का, हे कोणी बोलणार आहे का? १९६७ मध्ये बुडापेस्टला मेस्टरने उंदरांची पाठ भादरून लेझर मारला, तर केस लवकर उगवले. तिथून सुरुवात. कुत्र्यांच्या पाठीच्या ऑपरेशननंतर लेझर दिला तर ते लवकर चालायला लागले, असा २०१२ चा पेपर सगळे सेल्समन छातीला लावून फिरतात. २०१७ मध्ये तसाच दुसरा अभ्यास झाला, फरक दिसला नाही. तो ब्रोशरमध्ये कधीच नसतो. आधी पुरावा, मग ट्रेनिंग.

झोळीवाला_डॉक्टर
दोन्ही अभ्यास छोटे, आणि दोघांचे डोस वेगळे. कमी डोसने काही होत नाही, फार दिला तर उलटा परिणाम होतो, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणजे किती, कुठे, कोणत्या हाताने दिला हाच प्रश्न उरतो, आणि मी तेच म्हणतोय.

शंकासुर
सोयीस्कर आहे. चाललं तर लेझर भारी, नाही चाललं तर हात कच्चा. असो. जखमांच्या बाबतीत थोडं मान्य करतो. थोडंच.

पर्यवेक्षक_भाऊ
मला एक सांगा. या ट्रेनिंगच्या फॉर्मवर "फक्त नोंदणीकृत पशुवैद्यक" असं लिहिलेलं असतं. का? शहरातल्या क्लिनिकमध्ये लेझर कोण फिरवतं ते मी बघितलंय. डॉक्टर ओपीडीत असतात, हँडपीस दहावी पास पोराच्या हातात. आम्ही डिप्लोमावाले पशुधन पर्यवेक्षक, १८ वर्षं गोठ्यात काढली, आम्हाला दारात उभं करत नाहीत.

जुना_परळकर
कारण कायदा आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४, कलम ३०. डिप्लोमाधारकाने किरकोळ सेवा द्यायच्या, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार. क्लास फोर लेझर किरकोळ नाही. आम्ही पदवीची साडेपाच वर्षं काय गोट्या खेळलो?

पर्यवेक्षक_भाऊ
देखरेख! सर, २०२२ ला लम्पी आला तेव्हा देखरेख करायला कोण होतं गोठ्यात? मी आणि माझी मोटरसायकल. एका दिवसात किती गाईंना टोचलं ते मोजलं नाही, रात्री भाकरीचा तुकडा मोडता येईना इतका अंगठा सुजला होता. तेव्हा कलम ३० कुठं झोपलं होतं?

जुना_परळकर
लस टोचणं आणि उपचार ठरवणं यातला फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं. गाठीवर लेझर मारून बसाल. ती गाठ कॅन्सरची निघाली तर? गाभण जनावराच्या पोटावर फिरवाल. निदान कोण करणार?

घाटावरचा_एलडीओ
सर, थांबा जरा. मी भाऊंच्या बाजूचा नाही, आमचे त्यांच्याशी वाद रोजचेच. पण तुम्ही परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात एसीत बसून बोलताय. माझ्या दोन दवाखान्यांपैकी एक सहा महिने पर्यवेक्षकानेच उघडा ठेवलाय. तो नसता तर कुलूप असतं.

जुना_परळकर
परळला एसी? आमच्या वॉर्डात पंखा फिरला तर आम्ही पेढे वाटायचो. १८८६ चं कॉलेज आहे ते, तुमच्या सोयीसाठी त्याची पदवी फुकट वाटायची का? आज लेझर, उद्या सिझेरियन, परवा "डॉ." पाटी. गावोगाव पाट्या लागल्या आहेतच.

पर्यवेक्षक_भाऊ
माझ्या गाडीवर पाटी नाही. आणि सिझेरियन मी मागितलं नाही, ट्रेनिंग मागितलं. तुमचे पोरगे इंटर्नशिपला आले की गाईला मुसकी कशी घालायची ते आम्हीच दाखवतो. तेव्हा "काका, काका" करतात.

जुना_परळकर
वैयक्तिक पातळीवर उतरायचं कारण नाही.

पर्यवेक्षक_भाऊ
गोट्या कोणी काढल्या?

टॉमीची_आई
मी डॉक्टर नाही, मध्ये बोलते, माफ करा. आमच्या टॉमीला दहा सेशनचं पॅकेज दिलंय. तो पोरगाच फिरवतो, डॉक्टर नसतात. टॉमीच्या डोळ्यांवर टॉवेल टाकतो, स्वतः गॉगल लावतो, मला काही देत नाही. मी विचारलं तर म्हणाला, काकू, लाल उजेडाकडे बघू नका म्हणजे झालं. ते बरोबर आहे का?

झोळीवाला_डॉक्टर
अजिबात नाही! ताई, तो लाल ठिपका फक्त नेम धरायला असतो. खरं काम करणारा किरण इन्फ्रारेड, ८१० किंवा ९८० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसतच नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि पडदा भाजला तरी त्या क्षणी कळत नाही. खोलीतल्या प्रत्येकाला गॉगल हवा, तोही त्याच तरंगलांबीचा. उन्हाळ्यातला काळा चष्मा चालत नाही. टेबल स्टीलचं असेल तर त्यावर जाड टॉवेल, गळ्यातला पट्टा काढलेला. उद्या गॉगल मागा, नाही दिला तर बाहेर थांबा.

बघा. त्या पोराला कोणी शिकवलंच नाही, म्हणून तो हे सांगतो. आणि काकूंचा मुद्दा आला म्हणून मान्य करतो, जुन्या परळकरांना राग येईल: हँडपीस तोच धरणार असेल तर शिकवायला आधी त्यालाच हवं. निदान आणि डोस डॉक्टरचा, हात त्याचा. भाऊंना दारात उभं करून काय साधलं? लेझर त्यांच्याऐवजी दहावीवाल्याच्या हातात गेला.

जुना_परळकर
डॉक्टर खोलीत हजर असेल तर. लेखी डोस देईल तर. एवढंच म्हणतो, आणि तेही नाइलाजाने.

शंकासुर
नोंद घ्या, सर "तर" म्हणाले.

घाटावरचा_एलडीओ
ठीक आहे, चोचले हा शब्द मागे घेतो. अर्धा. शर्यतीच्या बैलाचे मालक मला लेझरबद्दल विचारायला लागलेत, २०२३ ला कोर्टाने शर्यती कायम ठेवल्यापासून तर जास्तच. खांदा सुजलेला असतो, यांना रविवारी पळवायचा असतो. दुखणं दाबून पळवायला मी लेझर देणार नाही हे आधीच सांगतो. पण जुवाच्या घट्ट्याची जखम महिना-महिना भरत नाही, तिथे बघायला हरकत नाही. ट्रेनिंगमध्ये बैल कधी असतो का हो? का सगळं गोल्डन रिट्रीव्हर?

झोळीवाला_डॉक्टर
कधीच नसतो. मला विचाराल तर पहिला तास स्वतःच्या हातावर. हँडपीस फिरवा, मग मुद्दाम हळू करा, कुठे चटका जाणवायला लागतो ते आपल्या कातडीला कळू द्या. मग पांढरा कुत्रा, मग काळा. डावा हात सतत जनावराच्या अंगावर, ऊब बोटांना आधी कळते. बैल मीही केलेला नाही. कातडी जाड, रंग काळा, हिशोब सगळा नव्याने.

पर्यवेक्षक_भाऊ
काळा खोंड माझ्या गोठ्यात आहे, खांद्याला जखम आहे. डॉक्टरसाहेब, मशीन घेऊन या. एलडीओ साहेब देखरेखीला येतील, म्हणजे कलम ३० पण खूश. जुन्या परळकर सरांनाही आमंत्रण, पंखा आहे.

जुना_परळकर
गॉगल किती आहेत ते आधी सांगा.

झोळीवाला_डॉक्टर
चार. खोंडाला टॉवेल.

पर्यवेक्षक_भाऊ
मशीनला लाईट लागते का? आमच्याकडं या आठवड्यात दिवसा नाही.

झोळीवाला_डॉक्टर
बॅटरीवर चालतं.

पर्यवेक्षक_भाऊ
मग या. फक्त चार ते सहा नको, धारा असतात.